सीडीचं तोरण पुरे, आता काउल छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून जुन्या सीडींचं तोरण आणि बाटलीची फुलदाणी पुन्हा दिसली. दोन्ही वस्तू नातीच्या शाळेच्या कृपेने आमच्या माळ्यावर आहेत. रोज अंगावर घालता येईल असं काही, लोकरीच्या काउलसारखं, का छापत नाही? थंडीत निफाडचा घसरलेला पारा छापायला तर तुम्ही कधी विसरत नाही.

माझी लेक जर्मनीत असते. तिकडे मोज्यांची लोकर वेगळी मिळते. बारीक, पाऊण भाग लोकर नि पाव भाग नायलॉन, टाच झिजू नये म्हणून. शंभर ग्रामच्या गुंड्यात चारशेच्या वर मीटर धागा. एक जोड विणला की वीस-तीस ग्राम उरतेच. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे होते, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे मोजे विणले आणि उरलेले गुंडे बॅगेत भरले. जावई म्हणाले, “आई, कचऱ्याचं वजन कशाला नेताय?”

त्या कचऱ्याचा पट्ट्यापट्ट्यांचा काउल केला. घरावरचं कौल नव्हे. टोकं जोडलेला मफलर समजा. दुचाकीवर त्याचं टोक उडत नाही नि हेल्मेटखाली गोळाही होत नाही.

१० नंबरच्या गोल सुईवर १६० टाके घाला. सुरुवातीला नि शेवटी दोन सुलट-दोन उलटच्या दहा दहा फेऱ्या, मधे नुसते सुलट, वीतभर उंची होईपर्यंत. पहिली फेरी जोडताना टाक्यांना पीळ नाही ना, ते बघा. मी बघितलं नव्हतं. चार बोटं विणून सगळं उसवलं. कुठल्या रंगाचा पट्टा केवढा, ते मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठरवते. पाच ग्राममध्ये दहा-बारा फेऱ्या निघतात. रंग बदलतो तिथे पायरी दिसते. नव्या रंगाच्या दुसऱ्या फेरीत पहिला टाका न विणता तसाच उजव्या सुईवर घेतला, की ती बरीचशी मिटते. एकूण लोकर पन्नास ग्रामच्या आतच लागते.

लोभ मात्र करू नका. एका काउलला लाल रंग हवा म्हणून जुन्या स्वेटरची उरलेली लोकर मी मधे घातली. मोज्यांची लोकर मशिनमध्ये धुतली तरी आटू नये म्हणून तयार केलेली असते, ही तशी नव्हती. पहिल्याच धुण्यात लाल पट्टा आटून घट्ट झाला, वरचे-खालचे पट्टे होते तसेच. चक्क डमरू! आता तो दुमडून रात्री विरजणाच्या भांड्याभोवती घालते. थंडीतही सकाळपर्यंत दही लागतं.

छापणार असाल तर न आटलेल्याचा फोटो पाठवते.

आपली नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक