दिवेआगरच्या काकूंना आभाराचं पत्र

ती. काकूंना सा. न. वि. वि.

आईचं सहस्रचंद्रदर्शन तुमच्या घरी पार पडलं, त्याचे आभार मानायला फोन केला तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही फणसाला कुयऱ्या धरल्याचं सांगायला लागलात. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे. तुम्ही काय काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं, विशेषतः ज्यांना सगळं गणगोत घेऊन समुद्राकाठी एका घरात राहायचं आहे त्यांना.

आम्ही जागा शोधत होतो तेव्हा बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न असायचा, खोल्या किती आणि आगाऊ रक्कम कधी. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, आजींना जिना चढवतो का. मग रात्री उठावं लागतं का, चाकाची खुर्ची आहे का, लसूण कोण खात नाही, सगळ्यात लहान मूल केवढं, विहिरीपर्यंत चालत जाईल का. तिसाच्या वर माणसं घेणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलंत. माडीवर आणखी दहा जण मावतील, पण सकाळी न्हाणीघरापाशी सगळ्यांचा खोळंबा होईल, म्हणालात. जास्त माणसांचे जास्त पैसे मिळत असताना असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच भेटलात. तारीखही तुम्हीच बदलायला लावलीत. आम्ही सोयीचा शनिवार-रविवार धरला होता. सोहळा चंद्राचा आणि चंद्र अर्धा, हे तुम्हाला पटेना. पौष पौर्णिमेला या म्हणालात.

पुण्याची मंडळी ताम्हिणीतून उतरली, मुंबईची आगरदांड्याहून जंगल जेटीतून, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीतून, दिघीला आली, नागपूरची आणि बडोद्याची रेल्वेने माणगावला. अंधार पडेतो सगळे तुमच्या ओटीवर होते. जांभ्याच्या जाड भिंती, वर कौलं, मधोमध माजघर, आणि माडीवर मध्ये भिंतच नसलेली एक लांबलचक खोली. आमचं गावचं घर विकून जमाना झाला. आता भावंडं भेटतात ती लग्नाच्या कार्यालयात, आणि जेवणं झाली की आपापल्या हॉटेलात जातात. तुमच्या माडीवर ओळीने गाद्या पडल्या आणि आमच्या लेकीला बडोद्याच्या मावशीच्या नातवाशी मध्यरात्र उलटेपर्यंत बोलताना ऐकलं. एरवी ही दोघं एकमेकांना नावानेच ओळखतात. थोरला भाऊ त्यांना झोपवायला म्हणून वर गेला आणि उशी घेऊन तिथेच लवंडला. प्रत्येकाला वेगळं दार असतं तर हे झालं नसतं, याची मला खात्री आहे. ती माडी पार्टिशन घालून चार खोल्यांत वाटली असतीत तर भाडं जास्त आलं असतं, हे आम्हालाही कळतं. तुम्ही ती अखंड ठेवलीत, त्याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत.

आईला माजघरालगतची खोली दिलीत. ती तुमची स्वतःची निजायची खोली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही स्वयंपाकघरात तुमच्या मदतीला असणाऱ्या ताईंकडून. तिथल्या न्हाणीघराच्या भिंतीला धरायला नवा दांडा बसवलेला होता. भोवतीच्या सिमेंटचा रंग अजून भिंतीशी जुळला नव्हता. गेल्या पावसाळ्यापासून आई कुणाचा हात धरल्याशिवाय आंघोळीला जात नव्हती. तुमच्याकडे ती एकटी आंघोळ करून, केस विंचरून बाहेर आली. तुम्ही तेव्हा घावन घालत होतात, तुमच्या लक्षात आलं नसेल. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

आणि समुद्र! चाकाची खुर्ची वाळूत रुतणार, म्हणून आईला सुरूच्या बनापर्यंतच न्यायचं आम्ही ठरवलं होतं. तुम्ही मुलांना ओटीवर बसवून भरतीचं गणित शिकवलंत. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी सगळ्यात लांब. पौर्णिमेचं उधाण जसं मोठं तशी ओहोटीही मोठी, आणि पाण्याने सोडलेली ओली वाळू चांगली घट्ट असते, तिच्यावर चाक फिरतं. राहिला मधला कोरडा पट्टा. तिथे तुमच्या दादांनी आणि शेजारच्या मुलाने झावळ्यांची विणलेली झापं अंथरली. खुर्ची पुढे गेली की मागची झापं उचलायची आणि पुढे टाकायची, असं करत आईला ओल्या वाळूपर्यंत नेलं. आई पाण्यात पाय सोडून बसली. समोर सूर्य बुडत होता आणि तिच्या पाठीमागे, डोंगराकडे, चंद्र वर येत होता. तुम्ही पौर्णिमाच का धरलीत ते मला तेव्हा उमगलं. खुर्ची फिरवून तिला दोन्हीकडे दाखवलं. घरी आल्यावर सारवलेल्या अंगणात पाटावर बसवून सगळ्या लेकी-सुनांनी तिला ओवाळलं.

त्या रात्रीच्या पोपटीबद्दल लिहिलं नाही तर नागपूरचा मामा मला माफ करणार नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, मीठ आणि ओवा, तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं, भोवती पेंढा आणि झावळ्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. तो अजून त्या शेंगांच्या वासाबद्दल बोलतो.

निघायच्या सकाळी तुम्ही वाडी दाखवायला नेलंत. तोवर तुमच्या तोंडून वादळाचा शब्द निघाला नव्हता. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ तुमच्या या दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यावर आलं, हे आम्ही बातम्यांत पाहिलेलं. मोडक्या पोफळींचे बुंधे पाहिल्यावर त्याचा अर्थ कळला. सासऱ्यांनी लावलेली रोठा सुपारीची झाडं एका दुपारी आडवी झाली, माडीवरची कौलं उडाली, आणि करोनामुळे पाहुणे तर आधीच बंद. नव्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. त्या काळात घर विकत मागणारे येऊन गेले, असं दादा म्हणाले. तुम्ही कौलं पुन्हा चढवलीत आणि रोपं लावलीत. तुम्ही तेव्हा हो म्हणाला असतात तर आमच्या तीस माणसांना एका छपराखाली झोपवेल असं घर आम्हाला कुठे मिळालं असतं, मला माहीत नाही. नव्या झाडांपैकी दोन-चारांना पहिले घड आलेले तुम्ही मुलांना दाखवलेत. तो तुमचा आनंद आमच्यासोबत वाटून घेतलात, त्याचेही आभार.

आई स्वतःच्या हाताने तुम्हाला पत्र लिहिते आहे. तिचं अक्षर आता थरथरतं, पण दुसऱ्या कुणाला लिहू देत नाही. ते वेगळ्या पाकिटातून येईल. सोबत ओवाळतानाचे फोटो पाठवते, त्यातला एक स्वयंपाकघरातल्या ताईंना द्या, त्या त्यात आहेत. थोरला भाऊ मे महिन्यात मित्रांना घेऊन यायचं म्हणतो आहे. तो फोन करील. जागा असेल तर त्याला माडीच द्या.

तुमची,
आजींची धाकटी लेक