दिन्यास पत्र : तुझ्या सिगारेटींचा हिशेब

नागपूर

प्रिय दिन्या,

डॉक्टरांच्या कागदाचा फोटो मिळाला. त्यावर ‘३० पॅक-इयर’ वाचून तुझी झोप उडाली म्हणतोस, पण तो आकडा तूच दिलाय बे! “रोज एक पाकीट, तीस वर्षं” असं सांगून मोकळा झालास. त्यांनी गुणाकार केला.

या मोजणीतलं पाकीट वीस सिगारेटींचं असतं. रोज वीस, अशा वर्षभर ओढल्या की एक पॅक-इयर, म्हणजे ७,३०० सिगारेटी. तुझं पाकीट दहाचं. तेही नंतरचं, आधी तर पानठेल्यावर सुट्ट्याच घ्यायचास आणि पानवाला वहीत लिहून ठेवायचा. ती वही मिळाली असती तर मला एवढं डोकं खाजवावं लागलं नसतं.

काल रात्री टप्पे पाडून हिशेब मांडला. कॉलेजची पाच वर्षं दिवसाला चार धरल्या, झाला एक पॅक-इयर. हिंगण्याच्या एमआयडीसीत रात्रपाळीची बारा वर्षं, रोज दहा, म्हणजे सहा. मुलगी झाल्यावर दोन वर्षं सोडली होतीस, ती धरली नाहीत. पुण्याची पहिली दहा वर्षं सगळ्यात वाईट, रोज वीस, म्हणून पूर्ण दहा. आता पाच वर्षं सहावर आहेस, त्याचा दीड. एकूण साडेअठरा. तीस नाही.

पण लगेच पेढे वाटू नकोस. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये सांगितलंय की वय ५० ते ८०, वीस पॅक-इयर, आणि अजून ओढणारा किंवा पंधरा वर्षांच्या आत सोडलेला असेल, तर फुप्फुसाचा कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून दरवर्षी छातीचा कमी मात्रेचा (म्हणजे कमी क्ष-किरणांचा) सीटी स्कॅन करावा. २०१३ मध्ये हीच रेघ तीसवर होती. रेघ सरकली, फुप्फुसं तीच. आणि आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण स्कॅनमध्ये दिसून घोळ होतो, त्यामुळे स्कॅन करायचा की नाही ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

शिवाय आपल्याकडचे बरेच छातीचे डॉक्टर सरळ रोजच्या सिगारेटी गुणिले वर्षं करतात, त्याला स्मोकिंग इंडेक्स म्हणतात. तुझा येतो ३७०. तीनशेच्या वर गेला की जबर ओढणारा. म्हणजे एका मापात तू रेघेच्या अलीकडे, दुसऱ्यात पार पलीकडे. माणूस तोच, सिगारेटीही त्याच, जवळपास एक लाख पस्तीस हजार.

मला विचारशील तर या एका आकड्यात खरी गोष्ट दडूनच राहते. रोज वीस अशी वीस वर्षं आणि रोज दहा अशी चाळीस वर्षं, दोन्हींचे पॅक-इयर वीसच. पण फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बाबतीत दुसऱ्याला धोका जास्त, कारण तिथे किती ओढल्या यापेक्षा किती वर्षं ओढल्या हे जास्त बोचतं. तुझी बत्तीस झाली. हृदयाचं गणित आणखी खट्याळ. दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही वीसवाल्याच्या जादा धोक्यातला जवळपास निम्मा भोगावा लागतो. म्हणून “आता सहावरच आहे ना” हे मला ऐकवू नकोस.

आणि खर्रा, म्हणजे तो घोटलेला सुपारी-तंबाखू? तो यात कुठेच येत नाही. पॅक-इयर फक्त धुराचे. आपल्या नागपुरात अर्धे लोक “मी सिगारेट पीत नाही” म्हणताना गालात खर्रा धरून असतात. तू रात्रपाळीत घोटायचास ना? तेही सांग, तोंड वेगळं तपासून घे. बापूंच्या विड्यांचा घरभर जो धूर असायचा, तोही सांग. आकड्यात बसत नाही, पण डॉक्टरांना कळायला हवा.

पुढच्या वेळी “३० पॅक-इयर” खोडून घे आणि टप्पे लिहून दे : कधी सुरू केली, कधी किती, कधी सोडली. आधी वहिनींना दाखव. तुझ्यापेक्षा त्यांचा अंदाज खरा निघेल, आणि माझी बेरीज वाढायचीच शक्यता आहे. फुंकून बघायची ती स्पायरोमेट्रीही करून घे. दम किती उरलाय ते कुठल्याही गुणाकारातून कळत नाही.

सोडायची ठरवलीस तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे. मला सांगतोस तसं तिथल्या माणसाला तरी “पुढच्या सोमवारपासून” सांगू नकोस.

वहिनींना नमस्कार. रिपोर्ट आला की फोटो पाठव, आणि या खेपेला सरळ धरून काढ.

तुझा,
विन्या