आवाज सातवरून पाचवर आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी ठाण्यातल्या एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहात १९८१ ते २०१२ अशी एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. प्रोजेक्टरच्या दिव्यातले कार्बन जुळवण्यापासून डिजिटल सर्व्हरपर्यंत सगळं हाताखालून गेलं. चित्रपटगृहाने माझं घर चालवलं, लेकीचं शिक्षण केलं. आणि एका चित्रपटगृहातूनच माझ्या नातवाला बाहेर काढायची वेळ आली, म्हणून हे पत्र.

नातू नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. नाव छापू नये असं लेकीचं म्हणणं आहे, तेव्हा पत्रापुरतं बाळ्या म्हणतो. बाळ्या थोडंच बोलतो, पण वाचतो भराभर. दुकानांच्या पाट्या, बसचे नंबर, औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं, सगळं वाचतो. टीव्हीवर सिनेमा संपल्यावर नावं वर सरकायला लागली की तो पडद्याला नाक लावून उभा राहतो. आपण सारे त्या वेळी उठतो, त्याचा सिनेमा तिथे सुरू होतो.

गेल्या नोव्हेंबरात त्याच्या ताईचा तेरावा वाढदिवस होता. तिला मैत्रिणी, केक काही नको होतं. "आपण सगळे मिळून थिएटरात जाऊ, बाळ्यासकट," एवढंच तिने मागितलं. बाळ्या झाल्यापासून लेक-जावई एकत्र कधी सिनेमाला गेलेले नाहीत. एक जातो, एक घरी थांबतो. मी त्याच्या ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या ताईंना विचारून आठवडाभर त्याची तयारी करून घेतली. तिकीट कसं असतं, अंधार कसा होतो, खुर्ची कशी मिटते, हे चित्रं काढून दाखवलं. घोडबंदर रोडवरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये सकाळच्या खेळाची तिकिटं काढली.

दारात पिशवी तपासली आणि त्याचा दहीभाताचा डबा काढून ठेवला. बाळ्या घराबाहेर दहीभात आणि एका विशिष्ट बिस्किटाशिवाय काही खात नाही. पॉपकॉर्नच्या वासानेच त्याला उमासे येतात. लेकीने ऑटिझमचं प्रमाणपत्र दाखवलं, तपासणीवरच्या मुलाने ते नुसतंच हातात धरलं. त्याला बिचाऱ्याला त्याचं काय करायचं हे कुणी शिकवलेलंच नव्हतं. मग जावई बाळ्याला बाथरूमला घेऊन गेले, तिथे कुणीतरी हात सुकवायचं यंत्र चालू केलं. तो आवाज ऐकून आपण ढुंकूनही बघत नाही. बाळ्या जमिनीवर बसला आणि दोन्ही कोपरांनी कान दाबून धरले. तरी तो सावरला. ताईचा हात धरून आत आला, खुर्चीत बसला.

दिवे एकदम गेले आणि जाहिराती सुरू झाल्या. आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल, जाहिराती आणि ट्रेलर हे मुख्य चित्रपटाहून मोठ्याने वाजतात. मग तंबाखूविरोधी सूचनेतली ती खोकणारी माणसं. मग राष्ट्रगीत. सगळा हॉल उभा राहिला आणि बाळ्या खुर्चीखाली शिरला. मागून आवाज आला, "ओ काका, त्याला उभं करा." लेक त्याला उचलायला वाकली तसा तो किंचाळला. "बंद कर, बंद कर, बंद कर." राष्ट्रगीत संपल्यावरही तो तेच म्हणत होता. दोघांनी मोबाइलचा उजेड थेट त्याच्या तोंडावर मारला. कुणीतरी म्हणालं, "अशा मुलांना आणतात कशाला? घरी मोबाइलवर दाखवा की."

आमच्या वेळी दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालायचं. आम्ही एक रीळभरसुद्धा आत टिकलो नाही. ताई आमच्याबरोबर बाहेर आली. तिला म्हटलं, तू आणि आई आत बसा. ती म्हणाली, "मग मी मागितलं काय?"

राष्ट्रगीताबद्दल स्पष्ट लिहितो, कारण त्या गृहस्थांचा हेतू वाईट नसेल. महाराष्ट्रात २००३ पासून खेळाआधी राष्ट्रगीत लावतात. निवृत्त होईपर्यंत ते मी माझ्या हातांनी लावलं आणि रोज केबिनमध्ये उभा राहिलो. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ ला ते देशभर सक्तीचं केलं, तेव्हाही पुढे अपंग व्यक्तींना उभं राहण्यातून सूट दिली आणि त्या यादीत ऑटिझमचा उल्लेख होता. ९ जानेवारी २०१८ ला सक्ती काढली, सूट कायम ठेवली. बावन्न सेकंद एक मूल कान दाबून खाली बसलं, तर त्यात कुणाचाही अपमान नाही.

पण खरी गोष्ट आवाजाची आहे आणि तिथे मी माहितीने बोलतो. ओटीच्या ताईंनी आम्हाला समजावलं ते असं: आपला मेंदू आवाज गाळतो. मी केबिनमध्ये एक्झॉस्टच्या आणि मशीनच्या घरघरीत बसून संवाद ऐकायचो, घरघर ऐकूच यायची नाही. बाळ्याची ही गाळणी आपल्यासारखी चालत नाही. पंखा, शेजारच्याची कुजबूज, वेफरचं पाकीट आणि पडद्यावरचा स्फोट, सगळं एकाच जोराने आत येतं. सगळी मुलं अशी नसतात. काहींना उलट मोठा आवाज हवा असतो, काहींना आवाजाचं काही नाही पण उजेड सोसत नाही. म्हणून "माझ्या ओळखीत एक आहे, तो तर बसतो" हे आम्हाला सांगू नये. कानांवर लावायचे हेडफोनही आणले. दहा मिनिटांवर त्याला डोक्यावरचा दाब सहन होत नाही.

त्या दिवशी मी मॅनेजरला भेटलो. मुलगा सज्जन होता, पाणी दिलं, बसायला दिलं. आवाज थोडा कमी करता येईल का, विचारलं. म्हणाला, "काका, आवाजाला आम्ही हात लावू शकत नाही. वरून ठरलेलं असतं." वरून ठरलेलं असेल, पण हात लावता येत नाही हे खरं नाही. साउंड प्रोसेसरवर आवाज कमी-जास्त करायचा फेडर असतो, शून्य ते दहा. सात ही ठरलेली प्रमाण पातळी. त्या पातळीला संवाद, संगीत मिळून पंच्याऐंशी डेसिबलच्या हिशेबाने आवाज बांधलेला असतो आणि स्फोट किंवा आपटाआपटी आली की क्षणभर एकशे पाचपर्यंत जाऊ शकतो. तोच फेडर पाचवर आणला तर साडेसहा डेसिबलच्या आसपास आवाज उतरतो. संवाद तरीही नीट ऐकू येतात. हॉलचे दिवे डिमरवर असतात, ते पूर्ण न मालवता मंद ठेवता येतात. दोन्ही कामांना मिळून अर्धं मिनिट लागतं. मी एकतीस वर्षं केलंय.

एक मनातलं बोलतो. आमच्या थिएटरात स्टॉलला तान्ही मुलं असायची, बायका बाळाला पायांवर घेऊन झुलवत सिनेमा बघायच्या, गाणं लागलं की पोरं पडद्यापुढे नाचायची. शिट्ट्या, चिल्लर, शेंगांची टरफलं. डोअरकीपर कुणाला हटकायचा नाही. तेव्हा ऑटिझम हा शब्द आम्हाला माहीत नव्हता. अशी मुलं त्या गर्दीत असणारच, आणि ती खपून जात असणार. आता खुर्च्या मऊ झाल्या, तिकीट तीनशेच्या वर गेलं, आणि तेवढे पैसे दिल्यावर शेजारून चूं आवाज आला तरी माणसाला चालत नाही. त्यांचंही मी समजू शकतो. म्हणूनच मी म्हणतो, वेगळा खेळ द्या.

यात नवं काहीच नाही. अमेरिकेत एएमसी या चित्रपटगृहांच्या कंपनीने तिथल्या ऑटिझम सोसायटीबरोबर २००७ मध्ये असे खेळ सुरू केले. ब्रिटनमध्ये डायमेन्शन्स या संस्थेने २०११ पासून मोठ्या चित्रपटगृहांना बरोबर घेऊन ते चालवले. आवाज कमी, दिवे मंद, ट्रेलर-जाहिराती नाहीत, उठून फिरायला मोकळीक, स्वतःचं खाणं आणायला परवानगी. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीत बरोबरीने भाग घेण्याचा हक्क आहे, तो जपण्याची जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या ऐकू न येणाऱ्या आणि न दिसणाऱ्या प्रेक्षकांसाठी. फार चांगलं काम झालं. ज्यांना जास्त ऐकू येतं, त्यांच्यासाठी मात्र त्यात काही नाही.

डब्याचंही लिहून टाकतो. बाहेरचं खाणं आणू न देण्याचा हक्क चित्रपटगृहाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं आणि बाळाचं खाणं पालकांना नेऊ द्यावं, हेही त्यातच आहे. बाळ्या बाळ नाही, नऊ वर्षांचा आहे. पण त्याचा दहीभात हा चैनीचा पदार्थ नाही, एवढं दारावरच्या माणसाला समजावता येईल.

आता जे जमलं ते सांगतो. जानेवारीत माझा एक जुना सहकारी, जो अजून जिल्ह्यातल्या एका छोट्या थिएटरात ऑपरेटर आहे, म्हणाला, "घेऊन या, बघू." बुधवारी दुपारचा खेळ होता, हॉलमध्ये आम्ही सोडून अकरा माणसं. त्याने आधी खाली येऊन सगळ्यांना विचारलं, नातू असा असा आहे, आवाज जरा कमी ठेवला तर चालेल का. एका आजींनी "आम्हाला पण बरंच" म्हणून सांगितलं. ट्रेलर संपेपर्यंत आम्ही बाहेरच थांबलो. फेडर पाचवर, भिंतीकडचे दिवे चालू, बाजूचं दार उघडं.

बाळ्या आला तो दोन्ही तळहात कानांवर ठेवूनच. पाच-सात मिनिटांनी तळहात गेले, बोटं राहिली. मग एकच कान. मग तो हात माझ्या सदऱ्याच्या खिशात आला. तिथे चष्म्याचं घर असतं, ते तो उघडायचा, मिटायचा, टक, टक, आणि डोळे पडद्यावर. मधेच उठला, मधल्या वाटेने मागपर्यंत गेला, केबिनच्या काचेतून येणारा झोत बघत उभा राहिला, परत येऊन बसला. कुणी मागे वळून पाहिलं नाही. पडद्यावर 'मध्यंतर' अक्षरं आली तेव्हा त्याने ती मोठ्याने वाचली. त्या दिवशी आम्ही तेवढ्यावर निघालो. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो आणि शेवटच्या नावापर्यंत बसलो. ताई त्याच्या शेजारी होती. नावं वर जाताना दोघं मिळून वाचत होती.

तेव्हापासून 'मध्यंतर' हा त्याचा शब्द झाला आहे. आधी त्रास झाला की तो डोकं आपटायचा किंवा हात चावायचा. परवा गावदेवी मार्केटजवळ ढोल वाजायला लागले, त्याने माझा सदरा ओढला आणि म्हणाला, "मध्यंतर." आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर दहा मिनिटं बसलो आणि मग भाजी घेतली. घरी सांगितलं तेव्हा लेक देवासमोर जाऊन उभी राहिली.

ठाण्यातल्या, नवी मुंबईतल्या चित्रपटगृहांच्या चालकांना माझी विनंती आहे. महिन्यातून एक सकाळचा खेळ असा ठेवा. सकाळच्या खेळांना निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात हे मला सांगायला नको. तिकीट नेहमीचंच घ्या, आम्हाला सवलत नको. थोडी कमी तिकिटं विका, म्हणजे मुलांना मोकळं बसता येईल. हात सुकवायचं यंत्र तेवढ्या वेळापुरतं बंद ठेवून कागद ठेवा. दारावरच्या मुलांना आधी दहा मिनिटं समजावून सांगा. दोन्ही महापालिकांनी आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेने हे नुसतं सुचवलं तरी चालक ऐकतील. आणि संपादक महाशय, आपल्या अंकात चित्रपटांच्या वेळा छापता, त्यात अशा खेळापुढे 'मंद आवाज' एवढे दोन शब्द टाकता आले तर पालकांना शोधत फिरावं लागणार नाही.

ताईचा चौदावा वाढदिवस येत्या नोव्हेंबरात आहे. तोपर्यंत ठाण्यातल्या कुणा चालकाने असा खेळ लावायचं मनावर घेतलं, तर पहिल्या खेळाला केबिनमध्ये उभं राहायला मी येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. पैसे नकोत.

आपला नम्र,
एक निवृत्त ऑपरेटर,
चरई, ठाणे (पश्चिम)