नाशिकच्या टॉवरवरून एचडी प्रक्षेपण सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जेल रोडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाईक हातात एक चपटा, काळा, प्लास्टिकचा अँटेना घेऊन येतं. खोक्यावर ‘एचडी चॅनेल मोफत, महिन्याचा खर्च शून्य’ असं छापलेलं असतं. ऑनलाइन मागवलेला असतो. घरी लावून ऑटो ट्यूनिंग केलं तर एकही चॅनेल लागत नाही, म्हणून टीव्ही बिघडला असं समजून माणूस माझ्याकडे येतो. टीव्हीत काही बिघाड नसतो, अँटेनाही बरा असतो. त्याने पकडावं असं इथल्या हवेत काही मिळत नाही. हे विकताना कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

ज्या व्हिडिओंवर विसंबून हे अँटेना घेतले जातात ते बहुतेक अमेरिकेतले. तिथे ती गोष्ट शंभर टक्के खरी आहे. 12 जून 2009 रोजी तिथल्या मोठ्या केंद्रांनी ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं. एनबीसी, सीबीएस, एबीसी, फॉक्स या वाहिन्या शहरोशहरीच्या टॉवरवरून आजही एचडीत फुकट मिळतात. खिडकीत अँटेना ठेवला की चित्र येतं. ब्रिटनमध्ये ‘फ्रीव्ह्यू’ तसंच चालतं. आपल्याकडे टॉवरवरून टीव्ही दाखवतं ते एकटं दूरदर्शन. त्यांनी फेब्रुवारी 2016 मध्ये डीव्हीबी-टी2 पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपण 16 शहरांत सुरू केलं. महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद ही दोनच नावं होती, नाशिक नव्हतं. पुढे 2022 पर्यंत जुने ॲनालॉग प्रक्षेपकही मोजके सोडून देशभर बंद झाले. गच्चीवरचे ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना त्यानंतर भंगारात गेले.

मग नाशिककराने फुकट टीव्ही बघायचाच नाही का? बघायचा. त्यासाठी काड्यांचा नाही, छत्रीचा अँटेना हवा. दूरदर्शनची उपग्रहावरून फुकट चॅनेल देणारी सेवा डिसेंबर 2004 पासून आहे, आता तिला डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच द्यायचे, रिचार्ज नाही. सह्याद्री दिसते, बऱ्याच खासगी वाहिन्याही दिसतात. फसगत होते ती एचडीच्या नावाखाली. बॉक्सला मागे एचडीएमआयचं भोक आहे म्हणजे तो एचडी, असं सांगून एमपेग-2 चा, म्हणजे चित्र पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा, स्वस्त बॉक्स गळ्यात मारतात. डीडी नॅशनल एचडी आणि डीडी न्यूज एचडी त्यावर येत नाहीत. त्यासाठी नव्या पद्धतीचा, एमपेग-4 चा बॉक्सच लागतो. घेताना दुकानात लावून, एचडी चॅनेल डोळ्यांनी बघून मगच पैसे द्यावेत. खासगी वाहिन्यांपैकी बहुतेक साध्या दर्जाच्याच आहेत, तेव्हा सगळंच एचडीत मिळेल अशी आशा मात्र धरू नये.

नवीन टीव्ही घेणार असाल तर त्यात सॅटेलाइट ट्यूनर आहे का, हे विचारा. भारतीय मानक ब्युरोने 2022 साली अशा टीव्हींसाठी मानक ठरवलं आहे. ट्यूनर असला की छत्रीवरची मोफत चॅनेल वेगळ्या बॉक्सशिवाय लागतात.

छत्री स्वतः बसवणाऱ्यांसाठी: फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. नाशिकहून तो बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 57 अंश वर येतो. त्या बाजूला नारळ किंवा शेजारची बिल्डिंग आडवी नको. पूर्वी सिग्नल कमी पडला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली गेला की चित्राचे चौकोन पडतात आणि सगळंच थांबतं. म्हणून नट पक्के आवळा. जोराच्या पावसात चित्र थोडा वेळ जाईल, तेव्हा छत्री हलवू नका.

क्रिकेटचा प्रश्न रोज विचारला जातो: केबलवर डीडी लावलं तर मॅच का नाही? राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं, असा 2007 चा कायदा आहे. पण ते दूरदर्शनच्या स्वतःच्या टॉवरवर आणि फ्री डिशवरच दाखवता येतं, खासगी केबलवाल्यांना नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला. म्हणजे टॉवर नसलेल्या गावात छत्री नसेल तर कायद्याने दिलेली मॅचही घरात येत नाही.

माझी खरी मागणी इथेच आहे. सातपूर-अंबडच्या भाड्याच्या खोल्यांत, सिडकोच्या दाटीवाटीच्या घरांत छत्री लावायला गच्ची मिळत नाही. कामगार एक रिचार्ज संपला की पुढच्या पगारापर्यंत टीव्ही बंद ठेवतात. त्यांना खिडकीतला अँटेनाच परवडतो. आणि आता 2027 चा सिंहस्थ आलाय. रामकुंडावर लाखोंची गर्दी झाली की मोबाइलचं नेटवर्क बसतं. टॉवरच्या प्रक्षेपणाचं तसं नाही, ते शंभर जणांनी पाहिलं काय आणि दहा लाखांनी पाहिलं काय, त्याच्यावर भार येत नाही. वाहतुकीचे बदल, घाटांवरची गर्दी, हरवलेल्या माणसांच्या सूचना देण्यासाठी याहून भरवशाचं साधन मला माहीत नाही. 1984 मध्ये याच दूरदर्शनने काही महिने दिवसाला एक प्रक्षेपक या वेगाने देशभर काम केलं होतं. एका नाशिकसाठी एक डीव्हीबी-टी2 प्रक्षेपक, त्यावर सह्याद्री एचडीत, एवढं सिंहस्थाआधी नक्की होऊ शकतं. प्रसार भारतीने त्याची तारीख जाहीर करावी, आणि जिल्ह्याच्या खासदारांनी ती मागून घ्यावी.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक
जेल रोड, नाशिकरोड