दुर्बीण घेताना ६० पटींना भुलू नका

मा. संपादक,

थंडीत बडोद्याहून वढवाणा तलावावर (२०२१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) पट्टकादंब हे स्थलांतरित पक्षी बघायला जाणाऱ्यांत स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण) घेण्याचा उत्साह वाढतो आहे. पण जाहिरातीतला ‘६० पट’ हा आकडाच पाहून खरेदी होते, याचे फार वाईट वाटते.

आधी पुढच्या भिंगाचा व्यास पाहा. व्यास भागिले पटी म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ६५ मिमीच्या स्कोपमध्ये २० पटींना ती सव्वातीन मिमी मिळते, ६० पटींना जेमतेम १.१. चित्र काळवंडते, बोथट होते. शिवाय ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरते आणि महागडा स्कोपही हतबल होतो. प्रत्यक्षात बहुतेक काम २० ते ३५ पटींतच होते.

बजेट बेताचे असेल तर ६५ मिमी, बॅक-४ (चांगल्या प्रतीच्या काचेचा) प्रिझम, सर्व भिंगांवर बहुस्तरीय लेप आणि नायट्रोजन भरलेली जलरोधक नळी एवढे पाहावे. ४५ अंशांत वाकलेली नेत्रिका (डोळा लावायचा भाग) घ्यावी. वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना एकाच ट्रायपॉडवर पाहता येते. चष्मेवाल्यांनी नेत्रिकेपासून डोळ्याचे अंतर किमान १५ मिमी मिळते का, हे विचारावे.

ट्रायपॉडवर मात्र काटकसर नको. हलका ट्रायपॉड वाऱ्यात डुलतो आणि दोष स्कोपला लागतो.

दुकानाबाहेर येऊन उजळ आकाशासमोरची विजेची तार पाहा. कडेला जांभळी झालर ठळक दिसली, तर तो स्कोप घेऊ नका. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा.

– एक पक्षीनिरीक्षक, बडोदे