पन्नास रुपयांची डीव्हीडी

कोल्हापूर,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अभ्या,

फेब्रुवारीनंतर तुला एक ओळ लिहिलेली नाही. तुझे दोन्ही मेसेज वाचले, निवांत लिहू म्हणून ठेवले, ते तसेच राहिले. चूक माझी. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन जुलैत झालं, आता काठीशिवाय देवळापर्यंत जातात. माझी शुगर आहे तिथंच आहे. तब्येतीचं एवढंच.

आज लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही. सीमाला सांगून बघितलं. ती म्हणाली, "एका गेमपायी दोन दिवस तोंड पाडून बसायचं?" तिचा काय दोष, ती बाळूदाच्या सायबर कॅफेत कधी बसलेली नाही.

भाऊबीजेनंतर काकूंकडं फराळाला गेलो होतो. माळा साफ करायला काढलेला. तुझं एक खोकं त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवलं, "काय ठेवायचं, काय टाकायचं तूच बघ बाबा, तो तिकडनं येऊन बघायचा आणि मी ठेवायची!" आत ड्रॉइंगची टी-स्क्वेअर, दोन फ्लॉप्या आणि ती डीव्हीडी. पांढरं पाकीट, वर हिरव्या स्केचपेननं तुझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात नाव. स्टँडजवळच्या गाड्यावर पन्नास रुपयांना घेतलेली. नाव लिहीत नाही, पाकीट तुझ्या डोळ्यांसमोर आलं असेलच.

आता गंमत अशी, की त्याच गेमचा माझा डबा कपाटात आहे. २००९, पहिला पगार, पुण्यातलं ते दुकान, ९९९ रुपये. येताना एसटीत तू साताऱ्यापर्यंत हसत होतास, आणि कराडला चहा प्यायला उतरलो तेव्हा आपलं जुंपलं. तू म्हणालास, तीच गेम पन्नासात मिळते, नऊशे एकोणपन्नास रुपये पुठ्ठ्याचे दिलेस. मी म्हणालो, ज्यांनी चार-चार वर्षं खपून बनवली त्यांना पैसे मिळायला नकोत का? गणपतीपर्यंत आपण बोललो नाही. अभ्या, माझं मत आजही तेच आहे, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

वेदूला मी त्या गेमचं दोन वर्षं वर्णन सांगत होतो. सुट्टी होती, म्हटलं आज दाखवतो. माझा डबा काढला, डिस्क घातली, पुस्तिकेच्या पाठचा नंबर एकेक अक्षर करत भरला. सगळं झाल्यावर पडद्यावर आलं, सर्व्हरशी संपर्क होत नाही. तुला आठवेल, तीनच मशिनवर चालायची अट होती तिला. त्या काळी ती फॅशनच होती. २००८ मध्ये स्पोअर नावाची गेम आली तेव्हा याच तीन वेळांच्या अटीवरून जगभर बोंब झाली होती. पण मी दोनच वेळा वापरली होती, माझा एक हक्क शिल्लक होता. आता तो तपासणारा सर्व्हरच बंद. कंपनीला मेल केली, चौथ्या दिवशी उत्तर आलं, या उत्पादनासाठी आता मदत दिली जात नाही.

वेदू शेजारी चिवड्याची बशी घेऊन बसलेला. म्हणाला, "अभ्याकाकाची लावून बघू?" मी आधी नको म्हणालो, मग म्हटलं लाव. थोड्या वेळात ते पहिलं संगीत वाजलं. तो पाऊस, तो दिवा, सगळं तस्संच. मला आनंद व्हायला हवा होता. वेदूनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "बाबा, मग तुम्ही पैसे कशाला दिलेत?"

अकरा वर्षांच्या पोराला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ज्यानं पैसे दिले त्याच्या दाराला कुलूप, आणि ज्यानं दिले नाहीत त्याला वाट मोकळी. चोराला अडवायला बसवलेलं कुलूप चोरानं पहिल्याच आठवड्यात तोडलं होतं. सोळा वर्षं ते फक्त माझ्यासाठी लावलेलं होतं, रे.

मग रात्रभर बाकीच्या डिस्का काढून बघितल्या. आपली मोस्ट वाँटेड, २००५ ची ती गाड्यांच्या शर्यतीची गेम, तिची तर दुहेरी गत. जुन्या डिस्कांवरचं सेफडिस्क नावाचं कुलूप विंडोजमधल्या एका ड्रायव्हरवर चालायचं. त्या ड्रायव्हरमुळं मशिनच्या सुरक्षिततेला भोक पडत होतं, म्हणून मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये विंडोज १० मधून तो काढूनच टाकला. झालं, खरी डिस्क खऱ्या ड्राइव्हमध्ये फिरते आणि आत काही होत नाही. बरं, नवीन विकत घ्यावी तर ती कुठल्याच ऑनलाइन दुकानात नाही. गाड्यांच्या कंपन्या, गाण्यांच्या कंपन्या, प्रत्येकाचा परवाना मुदतीचा. त्यातल्या ब्लॅकलिस्टवर, म्हणजे हरवायच्या शर्यतपटूंच्या यादीत, तिसऱ्या नंबरापर्यंत आलेली तुझी सेव्ह आठवते? बाळूदानं मशिन रीस्टार्ट केलं आणि त्या पुसून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरनं सगळं साफ केलं. तू त्याच्या काउंटरवर डोकं टेकून बसलास आणि त्यानं तुला अर्धा तास फुकट दिला. त्यानंतरच तू फ्लॉपी बाळगायला लागलास. खोक्यातल्या त्या दोन त्याच असणार.

आणि चिरा पडलेल्या डिस्कवर तू टूथपेस्ट घासायचास! काकू विचारायच्या, पेस्ट एवढी कशी संपते. वेदूला हे सांगितलं तर तो जमिनीवर लोळून हसला.

तुला हे लिहिण्याचं अजून एक कारण म्हणजे तू वॉर्सात आहेस. तुझ्या शहरातल्या लोकांना हा प्रश्न आपल्याआधी पडला होता. नव्वदच्या दशकात तिथंही बाजारात कॉपी केलेल्या सीड्यांचे ढीग असायचे. सीडी प्रोजेक्ट ही गेमची कंपनी १९९४ मध्ये निघाली ती याच बाजारात. १९९९ मध्ये त्यांनी बाल्डर्स गेट पोलिश भाषेत आणली तेव्हा डब्यात नकाशा घातला, संगीताची सीडी घातली. गाड्यावर मिळणार नाही असं काहीतरी दिलं आणि लोकांनी पैसे मोजले. मला वाटतं २००८ चं जीओजी, त्यांचं ऑनलाइन दुकान, त्याच विचारातनं आलं. जुन्या गेम घ्यायच्या, आजच्या मशिनवर चालत्या करायच्या आणि कुलूप न लावता विकायच्या. २०११ मध्ये त्यांची स्वतःची विचर २ आली, तेव्हा दुकानातल्या डब्यांना डीआरएम, म्हणजे हेच कॉपी रोखणारं कुलूप, होतं आणि जीओजीवरच्या प्रतीला नव्हतं. काही दिवसांतच त्यांनी पॅच काढून डब्यांचंही कुलूप काढलं. तेही काही देव नाहीत. त्याच वर्षी जर्मनीत चोरून घेणाऱ्यांना त्यांच्या वतीनं पैशाच्या मागणीची पत्रं गेली, लोक भडकले, आणि जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे थांबवलं. चूक कळल्यावर थांबणारी माणसं मला आवडतात.

तुझं सध्याचं घर त्या कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाजवळ आहे म्हणे? अण्णा विचारत होते. दुसऱ्या महायुद्धात आसऱ्याला आलेली वळिवड्याच्या छावणीतली पोलिश पोरं १९४८ पर्यंत इथं होती, ते अजून सगळ्यांना सांगतात.

असो. बनवणाऱ्यांची भीती मला कळते. पहिल्या काही आठवड्यांत विक्री होते, तेव्हाच चोरी झाली तर स्टुडिओ बुडतो. पुण्यातल्या त्या नॉडिंग हेड्सच्या पोरांनी २०२० मध्ये राजी ही गेम काढली, तेव्हा ती किती ओढाताणीत बनली होती हे आपण वाचलंय. त्यांना एक रुपयानंही फसवावं असं मला वाटत नाही. पण मग कुलूप तेवढे आठवडे ठेवा की! डूम मे २०१६ मध्ये आली आणि डिसेंबरात तिचं डीआरएम काढलं. बिघडलं काय? उलट २०१४ च्या द क्रू या गेमचं बघ. ३१ मार्च २०२४ ला तिचे सर्व्हर बंद झाले, आणि एकट्यानं खेळायचा भागसुद्धा त्याबरोबर गेला. पैसे दिलेल्या लोकांच्या खात्यातनं लायसन्सही काढून घेतली. त्यावरनं विकलेल्या गेम बंद पाडू नका म्हणणारी स्टॉप किलिंग गेम्स ही चळवळ उभी राहिली, आणि या जुलैत युरोपातल्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. तुला सही करता आली नसणार, तिथलं नागरिकत्व लागतं. पण ऑफिसातल्या कुणी केली का, विचार जरा.

कॅलिफोर्नियात तर १ जानेवारीपासून कायदाच आहे. दुकानानं ग्राहकाला आधी स्पष्ट सांगायचं, की तुम्हाला वस्तू मिळत नाही, लायसन्स मिळतंय. तो कायदा वाचल्यावर मी माझी ऑनलाइन लायब्ररी उघडली. दीडशेच्या वर गेम, बारा वर्षांचे पैसे. त्यातल्या किती माझ्या? वेदूला उद्या काय देणार मी, पासवर्ड? झोप गेली ती यानं. अण्णांनी मला त्यांचा टेपरेकॉर्डर दिला, कॅसेटी दिल्या. कुणाला विचारावं लागलं नाही त्यांना.

म्हणून सध्या रोज रात्री जीओजीवरच्या माझ्या तेवीस गेमचे ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवतोय. चार-चार जीबीचे तुकडे, तिसऱ्या विचरचे तर संपता संपत नाहीत. दोन हार्ड डिस्क घेतल्या, एक घरी, एक अण्णांच्या कपाटात. इंटरनेट काढून प्रत्येक गेम चालवून बघतो आणि वेदू वहीत टिक करतो. आणि आम्ही दोघांनी मिळून जीओजीच्या ड्रीमलिस्टवर, म्हणजे लोकांना हव्या असलेल्या गेमच्या यादीत, आपल्या गेमला मत दिलं. तिथं तिच्यासाठी थांबलेली माणसं पाहून बरं वाटलं. कुणी बहिणीबरोबर खेळलेलं, कुणी हॉस्टेलात. सगळे एकच मागतात, पुन्हा पैसे घ्या, पण यावेळी कुलूप नको.

होईल का? सिस्टम शॉक २ चं झालं होतं. १९९९ ची गेम, बनवणाऱ्या स्टुडिओंपैकी लुकिंग ग्लास २००० मध्ये बंद, आणि हक्क जाऊन पडले एका विमा कंपनीकडं! जीओजीवर लोक वर्षानुवर्षं मागत होते. शेवटी एकानं चिकाटीनं त्या विमा कंपनीशी बोलणी केली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ती जीओजीवर आली. नो वन लिव्ह्स फॉरएव्हर या गेमसाठीही त्याच माणसानं खटपट केली, पण हक्क कुणाचे यावरच गाडं अडलं. आपल्या गेमचे हक्क दोन वेळा विकले गेलेत. मी वाट बघणार.

तुझं मत अजून पडलेलं नाही, हे मला माहीत आहे. गाड्यावरच्या गिऱ्हाइकानंही एकदा तिथं नाव लिहावं, असं मला मनापासून वाटतं. आली, तर तू तुझ्या पैशानं घे. आपलं कराडचं भांडण मी त्या दिवशी संपलं समजेन.

वहिनींना नोकरी लागली का? रेवा पोलिशमध्ये भांडते असं काकू सांगत होत्या, फार हसलो. घराचं कर्ज मंजूर झालं की कळव. थंडीत जपा.

काकूंना खोकं परत दिलं, डीव्हीडी तेवढी ठेवून घेतली. कपाटात माझ्या डब्याशेजारी आहे. मेमध्ये येशील तेव्हा मागून घे.

तुझा,
पम्या

ता. क. फ्लॉप्या वाचायला ड्राइव्ह मिळाला. एक कोरी निघाली. दुसरीवर तुझी ती सेव्ह आहे, तिसऱ्या नंबरची नाही, नवव्या.