दुर्मीळ मोटारीची किंमत छापताना पुरावाही छापावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या लिलावात एखादी जुनी अमेरिकन स्पोर्ट्स कार प्रचंड किमतीला गेली की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तिचे छायाचित्र आणि रुपयांत मांडलेला आकडा येतो; मात्र ती गाडी अस्सल आहे हे कोणी, कशावरून ठरवले, याबद्दल बातमीत सहसा एक ओळही नसते. माझी सारी नोकरी यंत्रशाळेत, इंजिन ब्लॉकच्या मशीनिंगवर गेली आणि शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचा इतिहास हा माझा जुना अभ्यासविषय आहे, म्हणून ही उणीव मला विशेष जाणवते. अशा गाडीची बहुतेक किंमत तिच्या पुराव्यात असते, आणि नेमकी तीच बाजू वाचकापर्यंत पोहोचत नाही.

उदाहरण म्हणून 1967 सालची 'एल 88' कॉर्व्हेट घेऊ. जानेवारी 2014 मध्ये ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात अशी एक कूपे 38 लाख 50 हजार डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 24 कोटी रुपयांना विकली गेली. या रकमेत शेवटची बोली 35 लाखांची होती आणि उरलेले दहा टक्के लिलावगृहाचे कमिशन होते. एका बातमीत नुसती बोली आणि दुसरीत कमिशनसह रक्कम छापली जाते. मग एकाच गाडीच्या दोन किमती वाचून वाचक गोंधळतो.

एल 88 हे गाडीच्या मॉडेलचे नाव नव्हते. 947 डॉलर 90 सेंट जादा भरून मागवता येणाऱ्या इंजिनाचा तो ऑर्डर कोड होता. 427 घनइंचाच्या या इंजिनाला ॲल्युमिनियमची हेड (सिलिंडरांवरची झाकणे) आणि 12.5 चे, म्हणजे फार जास्त, कॉम्प्रेशन असल्यामुळे त्याला 103 ऑक्टेनचे इंधन लागे, आणि तशी ताकीद देणारी पट्टी गाडीतच लावलेली असे. शर्यतीसाठी बांधलेले हे इंजिन सामान्य गिऱ्हाइकाने घेऊ नये म्हणून कंपनीने त्याची ताकद कागदोपत्री 430 अश्वशक्ती दाखवली, म्हणजे त्याच वर्षीच्या स्वस्त 'एल 71' इंजिनाच्या 435 पेक्षाही कमी. प्रत्यक्षात ती 500 च्या वर होती. 1967 साली बनलेल्या 22,940 कॉर्व्हेटपैकी फक्त 20 गाड्यांत हे इंजिन बसवले गेले, तर एल 71 इंजिनाच्या 3,754 गाड्या बाहेर पडल्या. त्या 3,754 पैकी एखादी घेऊन तिला एल 88 चे रूप देणे कुशल कारागिराला अशक्य नाही, आणि तसे केल्याने किंमत अनेक पटींनी वाढते. प्रश्नाचे मूळ इथे आहे.

आपल्याकडे जुनी गाडी घेताना आपण आरसी बुकातला चेसिस नंबर पडताळतो आणि निर्धास्त होतो. 1967 च्या कॉर्व्हेटबाबत तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या काळच्या तिच्या क्रमांकात वर्ष, बॉडीचा प्रकार, कारखाना आणि अनुक्रम एवढेच असे. इंजिन कोणते, हे त्यातून कळत नाही. सेंट लुईसच्या कारखान्यात बनलेल्या त्या गाड्यांची ऑप्शनवार नोंदही आज कंपनीकडे मिळत नाही. ती मिळते फक्त कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांची. म्हणून साक्ष गाडीच्याच अंगावर शोधावी लागते.

सर्वांत मोलाची साक्ष इंजिन ब्लॉकवर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे असलेल्या लहानशा सपाट जागेवर असते. तिथे दोन छाप असतात. पहिला न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडाच्या इंजिन कारखान्यात ठोकलेला: कारखान्याचे अक्षर, जोडणीचा महिना व दिवस आणि शेवटी इंजिनाचा प्रकार सांगणारी दोन अक्षरे. 1967 च्या एल 88 साठी ती 'आयटी' होती, एल 71 साठी 'जेई'. दुसरा छाप गाडीच्या क्रमांकाचा, आणि तो शेकडो मैलांवरच्या सेंट लुईसमध्ये, इंजिन गाडीत बसवण्याच्या वेळी ठोकलेला. दोन जागी, वेगळ्या ठशांनी आणि वेगळ्या हातांनी पडलेले हे छाप खोलीला, अंतराला आणि वळणाला सारखे असूच शकत नाहीत. ते एकसारखे दिसले तर तेथेच शंका घ्यावी. त्याहून बारीक खूण आहे ती पृष्ठभागाची. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोचिंगने, म्हणजे अनेक दात्यांचे हत्यार सरळ रेषेत फिरवून, एका दमात सपाट केला जाई, त्यामुळे त्यावर पुढून मागे जाणाऱ्या अगदी बारीक समांतर रेघा उमटत आणि त्या या जागेवरही चालत येत. जुना छाप घासून नवा ठोकणाऱ्याला या रेघा हुबेहूब उमटवणे फार कठीण जाते. मिलिंगच्या कटरने पडलेल्या कमानदार रेघा किंवा पॉलिश पेपरचे ओरखडे भिंगाखाली लगेच वेगळे ओळखू येतात. याशिवाय ब्लॉक ज्या दिवशी ओतला गेला ती तारीख त्यावर ओतीव अक्षरांत असते. ओतकामाची तारीख आधी, इंजिन जोडणीची त्यानंतर आणि गाडी बांधल्याची सर्वांत शेवटी, हा क्रम उलटा लागला तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. अर्थात छाप नाही म्हणजे फसवणूकच, असे मात्र समजू नये. शर्यतीत वापरलेली इंजिने फुटत, बदलली जात, किंवा दुरुस्तीत वरचा पृष्ठभाग पुन्हा तासला गेल्याने छाप प्रामाणिकपणेही नाहीसा होई. अशा गाडीची किंमत पडते, पण ती खोटी ठरत नाही.

उरलेल्या खुणा इंजिनाबाहेर शोधायच्या. एल 88 घेतल्यास हीटर आणि रेडिओ मिळत नसे. 1967 मध्ये हीटरविना अशा जेमतेम 35 कॉर्व्हेट बनल्या, आणि 'एम 22' हा भक्कम गिअरबॉक्स तर अवघ्या 20 गाड्यांत बसला. बॉडी फायबरग्लासची असल्याने रेडिओसाठी पाडलेले ॲन्टेनाचे भोक मागाहून बुजवले असेल तर पत्र्याच्या गाडीत दिसतो तसा वेल्डिंगचा डाग दिसत नाही, पण आतल्या बाजूने भरलेला थर वेगळा उमटतो. पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर कारखान्यातला ऑर्डरचा कागद चिकटवलेला असे. टाकी खाली उतरवल्यावर तो शाबूत निघाला, तर त्यावरचे कोड हा उत्तम पुरावा. मात्र जुना दिसणारा कागद आता नव्यानेही छापता येतो, म्हणून एकट्या कागदावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

या पुराव्याचे सर्वाधिक नुकसान होते ते चकचकीत रिस्टोरेशनमुळे, म्हणजे जुनी गाडी नव्यासारखी करण्यामुळे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात 2017 साली नोंदणीसाठी आलेली 1959 ची कॉर्व्हेट पोलिसांनी जप्त केली, कारण दुरुस्तीच्या वेळी तिची क्रमांकाची पट्टी काढून पुन्हा बसवली गेली होती आणि तिचे रिव्हेट मूळचे नव्हते. गाडी चोरीची नसूनही तेथील कायद्याप्रमाणे ती नष्ट होण्याची वेळ आली, आणि अखेर 2022 मध्ये विधिमंडळाने कायदाच बदलला. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीच्या परीक्षणात किमान 94 टक्के गुण मिळवून 'टॉप फ्लाइट' ठरलेली गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसते, इतकेच त्यावरून सिद्ध होते. तिचे इंजिन जन्मापासून तिचेच आहे, याची ती हमी नव्हे. विकणारा मात्र हा सन्मान हमीसारखाच वापरतो. याउलट 1964 ची पहिली शेल्बी कोब्रा डेटोना कूपे ही शर्यतीची गाडी, जी आज फिलाडेल्फियाच्या सिमिओन संग्रहालयात आहे, मुद्दाम जुन्याच अवस्थेत जपलेली आहे, आणि अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत 2014 साली पहिले स्थान तिलाच मिळाले.

केवळ दुर्मीळपणावरून किंमत ठरते हा समजही बातम्यांतूनच पसरला आहे. 1967 मध्ये एल 71 लाच ॲल्युमिनियमची हेड बसवणारा 'एल 89' हा प्रकार फक्त 16 गाड्यांत गेला, म्हणजे एल 88 पेक्षाही कमी; तरी त्याची किंमत एल 88 च्या जवळपासही जात नाही, कारण त्याच वर्षी फ्रान्समधील ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावलेले इंजिन एल 88 होते. तेथे कॉर्व्हेट आपल्या वर्गात आघाडीवर असतानाच इंजिन निकामी होऊन बाद झाली, आणि तरीही त्या धावेचे मोल आजच्या किमतीत मोजले जाते.

हे सारे मराठी वाचकांपुढे मांडण्याचे एक तातडीचे कारण आहे. केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' मालिकेची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. वीस हजार रुपये शुल्काच्या या नोंदणीसाठी चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा ही मूळ अट आहे आणि तपासणी राज्यातील समितीने करायची आहे. या समितीत ओतकाम आणि मशीनिंगच्या खुणा वाचू शकणारा एक तरी जाणकार असावा, अशी माझी परिवहन विभागाला विनंती आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये असे निवृत्त कारागीर सहज मिळतील. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी ती गॅरेजमध्ये देण्यापूर्वी इंजिन आणि चेसिसवरच्या प्रत्येक छापाचे, रिव्हेटचे आणि चिकटलेल्या कागदाचे तिरप्या उजेडात जवळून छायाचित्र घ्यावे, आणि सँडब्लास्टिंग करणाऱ्याला त्या जागा झाकून ठेवण्यास लेखी सांगावे. आपल्या दैनिकाने यापुढे अशा लिलावाची बातमी देताना रक्कम कमिशनसह आहे की नाही, इंजिन मूळचे आहे का आणि तसे कोणत्या पुराव्यावरून म्हटले आहे, एवढे तीन तपशील आकड्याशेजारी छापावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, पुणे